चार दिवसांचं बुडापेस्ट

परभणीतून कोणी चार दिवसांसाठी बाहेर निघालं की लोक दोनच गोष्टी विचारतात: कोण वारलं, किंवा कुणाचं ऑपरेशन आहे? पंधरा दिवस जाणाऱ्याला कोणी अडवत नाही. तो उत्तरेच्या यात्रेला नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला निघालेला असतो. एका दिवसासाठी जाणारा हायकोर्टाच्या तारखेला जात असतो, तेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण चार दिवस हा आकडा आमच्याकडे मयतीचा आणि दवाखान्याचा. हे मला वेळीच सुचलं असतं तर मी बुडापेस्टचं नाव काढलं नसतं, आणि आज माझी तब्येत जरा बरी असती.

मी राजेश्वर. झरीच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत भूगोल शिकवतो आणि परभणीहून रोज अप-डाउन करतो. युरोपातल्या नद्या मला उगमापासून मुखापर्यंत पाठ आहेत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली सगळ्यात लांबची नदी म्हणजे तुंगभद्रा, आणि तिलाही तेव्हा पाणी नव्हतं.

उन्हाळ्यात आमची मुलगी निकिता पुण्याहून आली होती. ती तिथं कंपनीत काम करते, आणि सुट्टीला आली की आई-वडिलांना सुधारते. ती म्हणाली, "पप्पा, आता सगळा युरोप एका दमात कोणी बघत नाही. एखादं स्वस्त शहर धरायचं, तीन-चार दिवस राहायचं आणि परत यायचं. सिटी ब्रेक म्हणतात त्याला."

नोकरदार माणसाला ब्रेक म्हटलं की आधी सेवेतला खंड आठवतो आणि पेन्शनची फिकीर सुरू होते. पण तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. मधून डॅन्यूब, एका काठाला बुडा, दुसऱ्या काठाला पेस्ट. ही नदी मी फळ्यावर निळ्या खडूनं इतक्यांदा काढलेली की माझ्या सगळ्या पांढऱ्या शर्टांच्या बाह्यांवर तिचा थोडाथोडा अंश आहे. मी विरघळलो. पॅरिस महाग, व्हिएन्नाही महाग, लिस्बनला विमानं बदलता बदलताच सुट्टी संपते. दिवाळीनंतर तिकडं थंडी पडते म्हणून सगळं स्वस्त असतं. तेव्हा बुडापेस्ट ठरलं.

त्रिवेणीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"किती दिवस?"

"चार."

"आत्याबाईचं कोण बगंल?"

"निकिता येते म्हणाली सुट्टी टाकून."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. एवढ्या मोठ्या बातमीला एवढं छोटं उत्तर ऐकून मी थोडा खट्टू झालो. पण माझ्या आईचा, म्हणजे तिच्या आत्याबाईचा, चन्नबसम्माचा, खुबा मोडल्यापासून त्रिवेणी कशालाच मोठं उत्तर देत नव्हती. सकाळी माईची अंघोळ, तिच्या लिंगपूजेची तयारी, मग स्वयंपाक, मग औषधं, मग पुन्हा स्वयंपाक. बोलायला दम उरत नसावा, असं मी त्या वेळी धरलं आणि कामाला लागलो.

माय मात्र बोलली. तिच्या लोखंडी कॉटवर बसून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येवढ्या लांब जाऊन लगीच परत यायचं, मंग जायचंच कामून?"

या प्रश्नाला भूगोलात उत्तर नाही.

आमच्या शेजारी दत्तराव राहतात. मोंढ्यात त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, आणि आमच्या कॉलनीत युरोप पाहिलेला हा एकमेव माणूस. त्यामुळे त्यांचा सल्ला घेतला नसता तर तो त्यांनी दिलाच असता. मी आपण होऊन गेलो, तेवढाच मान राहिला.

"एकच गाव?" दत्तराव खुर्चीतून अर्धे उठले. "सर, बारा दिवसांत नऊ देश केले आमी! एक देश तर झोपेतच गेला. बसमधी जाग आली तवा गाईड म्हनला, 'झाला.' त्याचं नाव बी ध्यानात न्हाई. आन् तुमी एका गावात चार दिवस काय करनार?"

"फिरणार. नदीकाठी बसणार. तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत जुनी..."

"गरम पान्याचं कुंडच बगायचं तर उनकेश्वरला जा की! अंघोळ बी व्हते, पुण्य बी लागतं, आन् पासपोर्ट लागत न्हाई." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आन् नाव तर बगा. बुडापेस्ट. नावातच बुडायचं हाय."

तरी जाताना त्यांनी दोन उपयोगाच्या गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, तिकडं लघवीला पैसे लागतात, तेव्हा पाणी बेतानं प्यायचं. दुसरी, व्हिसा हातात पडल्याबिगर तिकीट काढायचं न्हाई. पहिली गोष्ट मी लक्षात ठेवली. दुसरी ठेवली नाही, कारण त्याच आठवड्यात विमान कंपनीनं स्वस्त तिकिटांचा सेल लावला. तिकिटं परत होत नव्हती, तारीख बदलत नव्हती, आणि सामान म्हणून फक्त खांद्याला लावायची एक पिशवी चालत होती. स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर मास्तर माणसाची अक्कल कुठं जाते, यावर कोणीतरी संशोधन करायला हवं. मी शाळेतली मीटरपट्टी घरी आणून पिशव्या मोजल्या, आणि संध्याकाळपर्यंत तिकिटं काढून मोकळा झालो.

आता शाळेची परवानगी. आमच्या संस्थेचे सचिव भगवानराव. माणूस चांगला, पण कागदावर सही करताना त्यांचा हात असा थांबतो जणू खाली विंचू आहे.

माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला. आपुलकीनं विचारलं, "किडनी हाय का?"

"नाही हो. सहज चाललोय. फिरायला."

"चार दिवस?"

"चार."

"सर, आमच्यापासून लपवू नका. आपन एका घरातले. चार दिवसांसाठी परदेशात सहज कोन जातं? आपले लोक सहज तर वालूरला बी जात न्हाईत."

मी डॅन्यूबबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "नदीच बगायची तर पूर्णेच्या खाली गोदावरी हाय. चुडाव्याला उतरा, ऑटो करा, रिटायर होईस्तोवर बगत बसा. परवानगीची गरज न्हाई."

"म्हणजे तुमची हरकत आहे?"

"छे! माजी काय हरकत? हरकत न्हाईच. फकस्त ना-हरकत देता येत न्हाई. त्याला ठराव लागतो."

ठरावाला बैठक लागते आणि बैठकीला माणसं लागतात. पहिल्या बैठकीच्या दिवशी एका संचालकाच्या पुतणीची सोयरीक निघाली. दुसऱ्या बैठकीला सगळे आले, पण माझा विषय येईपर्यंत चहा संपला, आणि चहाबरोबर संचालक. तिसऱ्या खेपेला मी स्वतः ढोकळा नेला. ठराव झाला. दोन दिवसांनी शिक्का मारलेलं पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं की सदर शिक्षकांच्या परदेशगमनास संस्थेची हरकत नाही, मात्र सदर शिक्षक परत न आल्यास त्याची जबाबदारी संस्थेवर राहणार नाही.

"हे शेवटचं वाक्य कशाला?" मी विचारलं.

"सेफ्टी," भगवानराव म्हणाले.

पुन्हा ठराव करून घ्यायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी पत्र घेतलं आणि नमस्कार केला.

मग फोटो. परभणीच्या फोटोवाल्यानं मला इतकं गोरं आणि तरुण केलं की मुंबईच्या व्हिसा केंद्रातल्या बाईंनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मुलाचा अर्ज आहे का?" त्रिवेणी हसली. कितीतरी महिन्यांनी हसली ती, त्यामुळे मी अपमान गिळला आणि तिथल्याच यंत्रात नवा फोटो काढला. या फोटोत मी खरा आला होतो, म्हणजे फरारी असल्यासारखा.

अर्जासोबत एक पत्र जोडायचं होतं: आपण का जात आहोत, आणि परत का येणार आहोत. माझं पत्र मी आधीच इंग्रजीत लिहून नेलं होतं. चांगलं दीर्घ होतं. डॅन्यूबचा उगम, तिच्या उपनद्या, तिचा माझ्या आयुष्याशी असलेला संबंध, सगळं त्यात होतं. शेवट तर मला स्वतःला इतका आवडला होता की मी तो शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना वाचून दाखवला. मी लिहिलं होतं की माझं शरीर परभणीला परतलं तरी माझं हृदय बुडापेस्टमध्ये कायमचं वास्तव्य करील.

त्रिवेणीचं पत्रही मीच लिहिणार होतो, पण माझंच लिहून मी इतका थकलो की ते काम निकितावर सोपवलं. त्रिवेणीनं तिला फोनवरून मराठीत सांगितलं आणि निकितानं इंग्रजीत टाइप करून पाठवलं. तीन ओळी होत्या. मला नदी बघायची आहे. चार दिवस राहणार आहे. नंतर परत यायचंच आहे, कारण घरी सासूबाई आहेत.

"अगं, हे काय पत्र आहे?" मी म्हणालो. "यात भूगोल कुठंय?"

"खरं हाय ते लिवलंय," ती म्हणाली.

पासपोर्ट कुरियरनं आले. दोन पाकिटं. दत्तराव तिथंच होते. कुरियरवाल्याचा आवाज ऐकून ते आमच्या ओट्यावर आले होते. मी आधी त्रिवेणीचं पाकीट फोडलं. पासपोर्टात सुंदर रंगीत स्टिकर लावलेलं. मी ते दत्तरावांना दाखवलं, माईला दाखवलं, उजेडात धरून स्वतः पाहिलं. मग माझं फोडलं. त्यात स्टिकर नव्हतं, एक कागद होता. त्यावर छापील कारणांपैकी एका कारणासमोर खूण होती. राहण्याचा उद्देश आणि परत जाण्याचा इरादा याबद्दल खात्री पटत नाही, असा त्याचा मतलब होता.

आता याला मी कोणाला दोष देऊ? 'कायमचं वास्तव्य' मीच लिहिलं होतं. त्याला जोडून संस्थेचं पत्र, की हा परत आला नाही तर आम्ही जबाबदार नाही. त्या साहेबाच्या जागी मी असतो तर मीही मला सोडलं नसतं.

"अपील करता येतं, सर," दत्तराव म्हणाले.

"त्याचा निकाल लागेपर्यंत विमान जाऊन येईल."

"मी म्हनलो व्हतो, तिकीट..."

"म्हणाला होतात."

ते बराच वेळ बसले. मयतीच्या घरी बसतात तसे, मधून मधून सुस्कारा टाकत. चार दिवसांचा अर्थ शेवटी त्यांच्या मनासारखा लागला होता.

त्या संध्याकाळी मी एक भाषण तयार केलं. कारण त्रिवेणी काय म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणणार, तुमच्याबिगर मी जात न्हाई. मग मी मोठ्या मनानं समजूत घालणार की तिकीट वाया घालवू नकोस, माझा विचार करू नकोस, तू पाहिलंस म्हणजे मी पाहिलं. त्यावर ती रडणार आणि नाहीच म्हणणार, आणि मी म्हणणार की बरं, तुझी मर्जी. तिकीट वाया जाईल, पण आपला मान राहील.

जेवणं झाल्यावर मी घसा साफ केला. "हे बघ त्रिवेणी, आता तू एकटी..."

"जाते की," ती म्हणाली.

भाषण तोंडातच राहिलं. "एकटी? इंग्रजी?"

"तितल्या लोकांला तरी कुटं येतं सगळ्यांला. निकिता सांगितली."

मी आईकडं पाहिलं. जगात कोणती सासू हे होऊ देईल? माय कुशीवर वळली आणि म्हणाली, "जाऊ दे तिला. तू हायेस की घरी. माज्या अंघोळीचं तू बग."

त्या रात्री मला झोप आली नाही, पण त्याबद्दल कोणी विचारलंही नाही.

दिवाळी झाली. दत्तरावांनी आपलं युरोपचं जाकीट दिलं, जे त्रिवेणीला गुडघ्यापर्यंत आलं. तिनं पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि एक शाल भरली. मी बनवलेला आराखडा, ज्यात प्रत्येक पूल, म्युझियम आणि ट्राम रंगीत पेननं दाखवली होती, तिनं नीट घडी घालून वर ठेवला. मुंबईच्या विमानतळावर निकिता तिला आत सोडून पुण्याला परत गेली. तिनं काढलेली सुट्टी आता लागत नव्हती. आजीपाशी मी होतो.

माईची सेवा हा विषय मी त्याआधी लांबूनच अभ्यासला होता. प्रत्यक्षात पाणी फार गरम होतं, मग फार गार होतं. बेलपानं धुतलेली नव्हती. भाकरी तर तिनं खाल्लीच नाही, ताटातून उचलून उलटी धरली आणि विचारलं, "ह्यो कोनता देश हाय?" जरा कुठं टेकावं तर हाक. औषध, पाणी, खिडकी उघड, खिडकी लाव. एखादं काम संपलं असं त्या घरात होतच नव्हतं. दुपारपर्यंत माझी कंबर गेली.

तरी मी त्रिवेणीला मोबाइलवर सूचना पाठवत होतो. आता पार्लमेंट बघून घे. आता दोन नंबरची ट्राम धर. आता डोंगरावरच्या किल्ल्यावर जा. तिनं वाचल्याच्या निळ्या खुणा काही होत नव्हत्या. मी हवालदिल झालो. संध्याकाळी वरणाला फोडणी देताना शेवटी मीच फोन लावला. तिचा चेहरा पडद्यावर आला, जाकिटाच्या गळपट्टीत हनुवटीपर्यंत बुडालेला, आणि मागं पाणी. खुद्द डॅन्यूब. ज्या क्षणाची आयुष्यभर वाट पाहिली तो क्षण. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेल धुरावलं आणि पलीकडून माय ओरडली.

"हिंग कुठंय?" मी विचारलं.

"वरच्या फळीवर. डाव्या हाताला, दाण्याच्या कुटाच्या मागं," त्रिवेणी डॅन्यूबच्या काठावरून म्हणाली.

हिंग सापडला. मग मी विचारलं, "काय काय बघितलंस?"

"हीच की. नदी."

"तुझ्या मागं तो पूल कोणता?"

तिनं मागं वळून पाहिलं. "हाय बगा एक. मोठा हाय."

"अगं, पार्लमेंट? म्युझियम? आराखडा दिलाय ना मी!"

"सकाळपासून इतंच बसलेय," ती म्हणाली. "बाकडं हाय. कुनी उटवत न्हाई."

मला पुष्कळ बोलायचं होतं. तिकिटाचं, नियोजनाचं, इतिहासाचं. पण ती स्वस्थ बसली होती, हात मांडीवर ठेवून. त्या हातांना काही काम नव्हतं. तिला असं बसलेलं मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर नाही. मी तिचा चेहरा बघत राहिलो. नदी बघायची राहूनच गेली.

शेवटच्या दिवशी तिनं आपणहून फोन केला. ती गरम पाण्याच्या कुंडात जाऊन आली होती. बाहेर कडाक्याची थंडी, पाण्यातून वाफा निघालेल्या, आणि शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली ती तासभर बोलतच होती.

"कोणत्या भाषेत?"

"त्यांच्याच."

"मग तुला काय कळलं?"

"सासूबद्दल बोलत असावी," त्रिवेणी म्हणाली. "मी बी मराठीत सांगितलं मंग. लय बरं वाटलं."

हे बोलणं माईनं ऐकलं. मला वाटलं, आता भडका उडणार. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाली, "मी बी बोलले असते. माजी बी सासू व्हती."

परतीच्या दिवशी दत्तराव माईपाशी बसले आणि मी स्टेशनवर गेलो. तपोवन एक्स्प्रेस आली. डब्यातून त्रिवेणी उतरली, खांद्याला ती मीटरपट्टीनं मोजलेली पिशवी, तिच्या पट्ट्याला विमान कंपनीची कागदी चिठ्ठी लटकत असलेली. मी ती पिशवी घेतली. तिचे डोळे स्वच्छ होते, चाल हलकी होती. माझी चार दिवसांची दाढी वाढलेली, शर्टावर हळद, आणि डाव्या अंगठ्याला भाकरीचा चटका. जिना चढताना मी दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा तिनं पिशवी माझ्याकडून परत घेतली.

बाहेर ऑटोवाल्यानं आधी चिठ्ठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मला हाताला धरून आत बसवलं.

"साहेब लय लांबून आलेले दिसतेत," तो त्रिवेणीला म्हणाला. "पार गळून गेलेत की हो."

मी खुलासा करायला तोंड उघडलं.

"हाव ना," त्रिवेणी माझ्या शेजारी बसत म्हणाली. "जरा दमानं घ्या दादा, खड्डे चुकवून. दोन दिवस झोपले की व्हतील नीट."

ऑटो निघाला. मी डोळे मिटून घेतले.